जोडीदार सोबत येऊ शकतो

कुठूनही काम करता येतं हे एकदा माणसाला कळलं, की आहे तिथून त्याचं काम होईनासं होतं. पायरीबुवाचं तसंच झालं.

पायरीबुवा हे त्याला सासरच्यांनी ठेवलेलं नाव. यंत्राबरोबर खोक्यातून जी माहितीपुस्तिका येते आणि जी खोक्यासकट माळ्यावर जाते, ती लिहिणं हा त्याचा धंदा. 'पायरी एक : यंत्र सपाट जागेवर ठेवावे. पायरी दोन : झाकण बंद असल्याची खात्री करावी.' कपडे धुण्याची यंत्रं, भिंतीला भोकं पाडायची यंत्रं, एकदा तर कुत्र्याचे केस कापायचं यंत्र. ज्या कंपनीसाठी तो लिहायचा तिचं कार्यालय त्यानं कधी पाहिलं नव्हतं आणि कंपनीनं त्याला कमरेच्या खाली पाहिलं नव्हतं. त्यामुळे संबंध चांगले होते.

एक दिवस साहेब पडद्यावरून सहज बोलून गेला, की तू कुठे बसून लिहितोस याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नाही. साहेब मायेनं बोलला होता. पण ते वाक्य पायरीबुवाच्या डोक्यात किड्यासारखं शिरलं आणि त्याला खुर्ची टोचू लागली. खुर्ची बदलली. मग टेबल खिडकीशी गेलं, तिथून झोपायच्या खोलीत, तिथून गॅलरीत. गॅलरीतून पुढे टेबलाला जायला जागा नव्हती, तेव्हा दोष देशाचा आहे असं त्याच्या लक्षात आलं.

मग अभ्यास सुरू झाला. जेवतानाही फोन ताटाशेजारी. एका देशाला आधी घराचा भाडेकरार हवा होता आणि तिथल्या घरमालकांना आधी व्हिसा हवा होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. दुसरा देश वर्षभर ठेवून घेई आणि मग पाहुणचार संपल्यासारखा दार लावून घेई. तिसऱ्याला माणूस नकोच होता, त्याची बँकेतली शिल्लक तेवढी हवी होती. ती एकटी गेली असती तरी चाललं असतं. चौथा कायमचं राहा म्हणत होता, फक्त आपलं मूळ नागरिकत्व सोडून या. "म्हणजे घरजावईच की," असा निकाल सासूबाईंनी फोनवर दिला आणि तो देश बाद झाला.

पाचव्या देशात मात्र दुरून काम करणाऱ्यांसाठी खास परवाना होता. नोकरी बाहेरच्या देशातली असावी, इथल्या माणसाच्या पोटावर पाय येऊ नये, विमा असावा, भाडेकरार मागाहून आणला तरी चालेल. आणि शेवटी एक ओळ : 'जोडीदार सोबत येऊ शकतो.' ही ओळ त्यानं बायकोला कवितेसारखी वाचून दाखवली. तिच्या खालची ओळ गद्यात होती. 'जोडीदारास तेथे कोणतेही काम करता येणार नाही, मोबदल्यासह अथवा मोबदल्याविना.'

बायको फिजिओथेरपिस्ट. तिच्या दवाखान्यात तिला कंबरताई म्हणत, कारण गावातल्या अर्ध्या कंबरा तिच्या हाताखालून गेल्या होत्या. तिनं दोन्ही ओळी वाचल्या. तिला कुणी ओढून नेलं असं नाही. त्या दिवसांत ती दमलेली होती. सकाळपासून लोकांचे पाय उचलायचे आणि संध्याकाळी स्वतःचे उचलवत नाहीत अशी गत. "चल," ती म्हणाली. "रिकाम्या हातांनी कसं वाटतं ते तरी बघू."

अर्जात एक चौकट होती : जोडीदाराचा दिनक्रम. पायरीबुवा तिच्यापुढे पुष्कळ वेळ बसला. आयुष्यभर त्यानं लिहिलेल्या सूचना कुणी पाळल्या नव्हत्या, म्हणून सरकारनं लिहिलेल्या तो फार मनावर घ्यायचा. 'घरकाम' लिहावं तर त्यात काम आलं. 'काही नाही' उद्धट दिसतं. शेवटी त्यानं लिहिलं, 'विश्रांती.' झोपून राहाल तर झोपूनच राहाल, असं उभा जन्म पेशंटांना बजावत आलेली बाई अशी सरकारदरबारी विश्रांतीला लागली.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक मोठी खिडकी, खाली रस्ता, रस्त्यापलीकडे औषधांचं दुकान आणि बसचा थांबा. पायरीबुवानं टेबल भिंतीला लावलं, खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. हवा मानवली की भिंत मानवली कोण जाणे, पण तो तासन्‌तास लिहू लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो एका जागी टिकला होता. सासूबाईंना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी देवापुढे हात जोडले आणि मुलीचं कसं चाललंय ते विचारलं.

मुलीचं असं चाललं होतं, की पहिल्या महिन्यात ती झोपली, दुसऱ्यात तिनं घर लावलं, तिसऱ्यात लावलेलं घर काढून पुन्हा लावलं. मग ती खिडकीत उभी राहू लागली. थांब्यावर येणाऱ्या माणसांना ती चेहऱ्यानं ओळखत नव्हती, चालीनं ओळखत होती. डावा गुडघा आला. खांदा उतरलेला आला. ही बाई पिशवी कायम उजव्या हातात धरते, हिची पाठ पावसाळ्यापर्यंत जाणार. एकदा एक गृहस्थ बसमधून वाकडे उतरले तेव्हा ती दारापर्यंत धावली आणि चपला घालून दारातच थांबली.

"कुठे निघालीस?" पायरीबुवानं विचारलं.

"कुठेच नाही," ती म्हणाली आणि चपला काढल्या.

राहता राहिला तो. अख्ख्या दवाखान्याचा भार एका माणसावर आला. सकाळी मान, दुपारी खांदे, संध्याकाळी मांड्यांचे मागचे स्नायू. टेबलाखाली तिनं विटा सरकवल्या, मग काढल्या, मग अर्ध्या ठेवल्या. त्या शहरात इतकी सांभाळलेली मान दुसरी नसेल. पण दुखणं असेल तर इलाज. याचं काही दुखतच नव्हतं. निरोगी माणसाला बरं करत बसणं किती वैतागाचं असतं ते वैद्यालाच ठाऊक.

पडद्यावरून तरी जुने पेशंट पाहावेत असं तिच्या मनात आलं. यात नियम मोडतो का, हे पायरीबुवानं परवाना कार्यालयाला लिहून विचारलं. उत्तर आलं : कृपया नियम वाचावेत. तेव्हा तिनं प्रयोग म्हणून स्वतःच्या आईलाच पाहायचं ठरवलं. आईचा गुडघा हे काम नाही, नातं आहे, असं दोघांनी मिळून ठरवलं. आईनं फोन डब्याला टेकवला आणि पाय पुढे केला. पडद्यावर छत दिसलं. मग डबा दिसला. मग आईचा कान. "दिसतोय का गं गुडघा?" आई विचारत होती. दिसला असता तरी उपयोग नव्हता. कुठे गरम लागतंय, कुठे आत काही सरकतंय, ते बोटांना कळतं. डोळ्यांना फक्त गुडघा दिसतो. तिनं फोन ठेवला आणि हातावर हात घासत घरभर फिरली.

तळमजल्यावर घरमालकीण राहायची. भाडं घ्यायला ती वर यायची तेव्हा उजवा हात खांद्याच्या वर जात नसल्यानं दाराची घंटा डाव्या हातानं वाजवायची. कंबरताईला घंटेवरूनच ते कळलं होतं. घरमालकीण खुर्चीत बसून नळाच्या तक्रारी ऐकून घ्यायची आणि कंबरताई तिच्या खांद्याकडे बघत बसायची, भुकेल्या माणसानं हलवायाच्या दुकानाकडे बघावं तशी. एकदा तिनं नकळत हात पुढे केलाही. पायरीबुवा खाकरला. "मोबदल्याविनासुद्धा," तो हळूच म्हणाला. हात मागे आला. घरमालकिणीला वाटलं, भाडं मागितलं म्हणून बाई अंगावर येत होती. पुढच्या महिन्यापासून तिनं भाडं बँकेत भरायला सांगितलं.

वर्ष सरत आलं तसा परवान्याच्या नूतनीकरणाचा विषय निघाला, आणि नेमका त्याच सुमाराला जुन्या दवाखान्यातल्या मैत्रिणीचा फोन आला. फिजिओथेरपिस्टांच्या नोंदणीचा नियम तिनं आठवण म्हणून सांगितला : दीड वर्ष काम बंद राहिलं की नाव यादीतून जातं. म्हणजे इथे आणखी एक वर्ष काढलं, तर कंबरताई परत गेल्यावर कुणाच्या कमरेला हात लावायला मोकळी राहणार नव्हती. मैत्रीण हे सांगून पुढे कुणाच्या लग्नाचं बोलत राहिली. कंबरताईनं लग्न ऐकलं नाही.

नवऱ्याला तिनं जेवताना सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत होता. मग त्यानं फोन उघडला, काहीतरी शोधलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"पुन्हा परीक्षा देता येते," तो म्हणाला. "चारच पायऱ्या आहेत."

"मग तू दे."

"अगं, तसं नाही. मी म्हणतोय, नाव गेलं तरी परत येतं."

"नाव येईल रे. काल तुझी मान धरली तर कुठून सुरुवात करायची ते मला आठवावं लागलं. आठवावं लागलं, कळतंय का तुला? चालताना कुठला पाय आधी टाकायचा ते कुणी आठवतं का?"

यावर पुस्तिकेत काही नव्हतं. तो म्हणाला की इथे त्याचं काम होतंय, इतकी वर्षं झालं नव्हतं तसं होतंय, आणि हे सोडून पुन्हा त्या गॅलरीत टेबल न्यायचं त्याच्या जिवावर येतं. ती म्हणाली, ते तिला दिसतंय. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे भांडण लवकर संपलं आणि कुणाचंच समाधान झालं नाही. त्या रात्रीपासून तो कुशीवर वळला की ती पाठीवर वळायची, आणि पलंग कुरकुरायचा.

नूतनीकरणाला जोडीदारानं समक्ष हजर राहून सही करायची असते. सही नाही केली तर जोडीदारानं महिनाअखेर देश सोडायचा, मूळ अर्जदार राहू शकतो. ती म्हणाली, येते. सही करीन की नाही ते तिथे बघू. पुढचे सगळे दिवस पायरीबुवानं तिला काही विचारलं नाही. मात्र वाक्य अर्ध्यावर सोडून तो मध्येच उठू लागला. पाणी प्यायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. पीठ मळण्याच्या यंत्राच्या पुस्तिकेत त्यानं पायरी तीननंतर पायरी पाच लिहिली आणि कंपनीतून पहिल्यांदाच विचारणा आली.

परवाना कार्यालय चार मजली होतं. पहिल्या मजल्यावर नूतनीकरण. नंबर लागला तेव्हा समोर एक अधिकारी बाई बसल्या होत्या, फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून धरलेला. कंबरताईनं नजर मुद्दाम भिंतीवर ठेवली. बाईंनी फोन ठेवला, पायरीबुवाला चार प्रश्न विचारले, नोकरीचं पत्र पाहिलं, विमा पाहिला. सगळं यथासांग होतं. मग त्या कंबरताईकडे वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"आता कसं वाटतंय?"

"कुणाला?"

"तुम्हाला. वर्षभर विश्रांती म्हणजे काही साधं नसणार."

कंबरताईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा टेबलाच्या कडेकडे पाहत होता. बाईंनी समजावून सांगितलं, की अर्जात जोडीदार विश्रांती घेईल असं लिहिलंय. आजार लांबलेला असेल तर आरोग्य खात्याची संमती लागेल. आजार नसेल तर मग अर्जात चुकीची माहिती दिली असं होतं, आणि त्याला वेगळं कलम आहे. तेव्हा आजारी आहात की नाही, एवढं सांगा.

पायरीबुवा मध्ये पडला. नियमात काम करायचं नाही म्हटलंय, तर काम वजा जाता जे उरतं ते आपण लिहिलं, असं त्यानं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून त्याला नीट पाहिलं. असा अर्जदार त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटत होता.

"बाकीचे सगळे 'घर सांभाळणे' लिहितात," त्या म्हणाल्या.

"पण ते काम आहे."

"आम्ही ते काम धरत नाही."

कंबरताईला हसू आलं. ते आवरेना. वर्षभरात ती इतकी हसली नव्हती. शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वळवून बघू लागला. बाईही थोड्या हसल्या आणि म्हणाल्या की ठीक आहे, दुरुस्ती करून घेते. आजारी नाही, घर सांभाळतात. त्याआधी तुम्ही काय करत होता? ही चौकट त्यांनी स्वतःहून विचारली, कारण दुरुस्ती केली की ती भरावी लागत होती.

कंबरताईनं सांगितलं. कुठे शिकली, कुठला दवाखाना, किती वर्षं. बाई टाइप करत होत्या. टाइप करता करता थांबल्या.

"मग तुम्ही यांच्या परवान्यावर का आलात?"

"म्हणजे?"

बाईंनी सांगितलं ते साधंच होतं. इथल्या इस्पितळांना तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत. त्यासाठी वेगळा परवाना आहे, कितीतरी वर्षांपासून. आधी थोडे महिने कुणाच्या तरी देखरेखीखाली काम, मग इथली नोंदणी. घरच्यांना आणता येतं. सगळं त्याच संकेतस्थळावर दिलंय, यांच्या परवान्याच्या शेजारच्याच पानावर. "तुम्ही पाहिलं नाहीत?"

पायरीबुवाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. देशादेशांच्या त्या संकेतस्थळांवर सुरुवातीलाच एक चौकट असते : आपला व्यवसाय? तो भरला की आपल्याजोगं तेवढं पुढे येतं, बाकीचं दिसत नाही. त्यानं जेवताना, झोपताना, गॅलरीत उभं राहून, सबंध पृथ्वीचे नियम वाचले होते. आणि त्या चौकटीत दर वेळी लिहिलं होतं, लेखक. तिचा व्यवसाय घालून बघावं असं एकदाही डोक्यात आलं नव्हतं. विसरला असता तर तसं सांगता तरी आलं असतं.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला.

"तू सगळं जग बघितलंस रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

बाई अशा प्रसंगांना सरावलेल्या असाव्यात. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. इथे सही केली तर यांच्याबरोबर आणखी एक वर्ष. मग वर्षभर दुसरा अर्ज करता येणार नाही. नाही केली तर महिनाअखेर परत जायचं आणि हवा तर नवा अर्ज तिथून करायचा, त्याला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही, मिळेलच असंही नाही. चौकशी तिसऱ्या मजल्यावर. आज चालू आहे.

पायरीबुवाला वाटलं, आता ती आपल्याकडे बघेल. कसा चेहरा करावा ते त्यानं ठरवलंही. पण ती कागदाकडे बघत होती. पेन उचललं, आपल्या नावावरून एक आडवी रेघ ओढली, खोडलं ते आपणच म्हणून रेघेशेजारी सही केली आणि पेन बाईंच्या हातात परत दिलं. मग जाता जाता थांबली.

"फोन दुसऱ्या कानाला लावत जा," ती बाईंना म्हणाली. "दिवसाआड तरी."

जिन्यावर तो तिच्या मागे होता. मी पण परत येतो, असं त्यानं पहिल्या वळणावर सांगितलं. दुसऱ्या वळणावर म्हणाला, किंवा मी इथेच थांबतो, घर सोडायला नको, तुझं झालं की ये. त्यापुढच्या पायऱ्यांवर त्याला दम लागला. ती भराभर चढत होती. वर्षभर खिडकीत उभी राहिलेली बाई इतकी भराभर चढेल असं वाटलं नसतं.

"तुला काय हवंय?" ती न थांबता म्हणाली.

"मला... तू सांग ना."

"मला जे हवंय ते मी विचारायला चाललेय. तुझं तू बघ. माझ्यापुढे ठेवू नकोस ते आत्ता."

तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार होतं आणि दारात पहारेकरी. त्यानं कंबरताईला आत सोडलं आणि पायरीबुवापुढे हात आडवा केला. ज्यांचा अर्ज तेच आत. नवरा आहे मी, पायरीबुवा म्हणाला. पहारेकऱ्यानं मान डोलावली, हे त्याला रोज ऐकावं लागत असणार, आणि भिंतीकडच्या लांब बाकाकडे बोट दाखवलं.

बाकावर सातआठ जण बसले होते. कुणी फोन बघत होतं, कुणी नखं, एक गृहस्थ आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचत होते. कुणाच्याच हातात फाइल नव्हती. पायरीबुवा बसला नाही. दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. काचेतून ती दिसत होती, पाठमोरी, टेबलापलीकडच्या कुणाशी तरी बोलताना. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. पण बोलता बोलता तिचे दोन्ही हात वर आले आणि हवेत काहीतरी धरलं; एखादा खांदा असावा, नाहीतर मान. एक हात खाली, एक वर, अंगठा आत. मग तिनं ते अलगद वळवलं. टेबलापलीकडचा माणूस पुढे झुकून बघत होता. तिला काही आठवावं लागत नव्हतं.

"बराच वेळ लागतो का?" पायरीबुवानं बाकाच्या टोकाच्या बाईंना विचारलं.

"आत गेलेल्यांना नाही लागत," बाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे वरून खाली पाहत त्यांनी विचारलं, आत कोण? बायको, तो म्हणाला. बाईंनी शेजारच्या पोराला कोपरानं ढोसलं, पोरानं त्याच्या शेजारच्याला, आणि अख्खा बाक सराईतपणे एक वीत पलीकडे सरकला.

"बसा," बाई म्हणाल्या. "येरझाऱ्यांनी काही लवकर येत नाहीत ती."